लायसन्सवर नाव चढण्याआधी

"ताई, नमस्कार. माझं माहेर चंदगड तालुक्यात. गडहिंग्लजला राहून डी.फार्म केलं आणि मागल्या वर्षी लग्न होऊन कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावी आले. मामंजींचं मेडिकल आहे, गावातलं एकच. आजवर दुकानाचं लायसन्स बेळगावच्या एका फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटवर चाललं. ते दुकानात येत नाहीत, महिन्याला त्यांचे पैसे तेवढे जातात. आता मामंजी म्हणतात, घरातच फार्मासिस्ट आलीय तर बाहेर पैसे कशाला, तुझंच नाव घालू. मला आनंदच आहे. पण मामंजी चिठ्ठी न बघता औषध देतात. अंगदुखीला पुडी, खोकल्याला अँटिबायोटिक, नायट्याला ट्यूब. लोक म्हणतात, त्यांच्या हाताला गुण आहे. मी विषय काढला तर म्हणाले, 'इथनं डॉक्टर गाठायचा म्हणजे दिवस जातोय, मजुरी बुडतेय. तिकडं इंग्लंडात फार्मासिस्टच औषध लिहून देतात म्हणे. तू एवढी शिकलीस आणि तूच भितीस?' आमचे हे मध्ये पडत नाहीत. ताई, आपल्याला औषध लिहून द्यायचा अधिकार खरंच नाही का? आणि नसेल तर दारात आलेल्या गरजू माणसाला परत कसं पाठवू?
— चंदगडची लेक, खानापूरची सून"

प्रिय खानापूरच्या सुनेस,

नाही, तो अधिकार आपल्याला नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे आणि आपला फार्मसी कायदा १९४८ चा. तिन्ही उघडून बघ. फार्मासिस्टनं रोग ओळखावा आणि शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं, औषध आपल्या मनानं द्यावं, असं कुठंच लिहिलेलं नाही. नियम ६५ अगदी उलट सांगतो. शेड्यूल एच, एच१ आणि एक्स मधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच जायचं, आणि तेही नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रोग्याचं नाव-पत्ता, औषध किती आणि कसं घ्यायचं हे हवं. पुन्हा द्यावं असं डॉक्टरनं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच. आणि चिठ्ठीतलं औषध दुकानात नाही म्हणून 'त्याच्यासारखंच' दुसरं देणंही या शेड्यूलांतल्या औषधांना चालत नाही.

हे तू परीक्षेला लिहिलेलं आहेस. तरी मांडते आहे, कारण मामंजींसमोर बसशील तेव्हा 'ताई म्हणाल्या' असं सांगू नकोस, नियम सांग. आणि सगळ्यात आधी हे सांग की ज्या दिवशी लायसन्सवर तुझं नाव चढेल त्या दिवसापासून त्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक स्ट्रिपला तू जबाबदार आहेस. तू स्वयंपाकघरात असताना गेलेल्या स्ट्रिपलाही, माहेरी गेलेली असताना गेलेल्या स्ट्रिपलाही. बेळगावचे ते गृहस्थ दुकानात न येता महिन्याला पैसे घेत होते ती व्यवस्था मुळातच बेकायदा होती. ती मोडते आहे हे उत्तमच. पण तीच व्यवस्था घरातल्या घरात तुझ्या नावावर चालू राहिली, म्हणजे काउंटरवर मामंजी आणि भिंतीवरच्या चौकटीत तुझं सर्टिफिकेट, तर बदललं काहीच नाही. फक्त पैसे वाचले आणि धोका घरात आला.

आता इंग्लंडचं. मामंजींनी ऐकलंय ते खरं आहे, पण अर्धं. ब्रिटनमध्ये २००६ पासून काही फार्मासिस्ट स्वतंत्रपणे औषध लिहून देऊ शकतात. पण ते आपल्यासारखे डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन लगेच लिहायला बसले नाहीत. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम, अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली रोगी तपासायचं शिक्षण आणि नोंदवहीत वेगळी नोंद लागली. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २००७ पासून असाच अधिकार आहे, आणि तिथला फार्मासिस्ट औषध ठरवताना त्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर बघू शकतो. तुझ्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या बाईचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा, किती, हे तुला कुठून कळणार? तिला स्वतःलाच ते ठाऊक नसतं.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून आणखी एक योजना सुरू झाली. घसादुखी, कानदुखी, सायनस, किडा चावून झालेला जंतुसंसर्ग, इम्पेटिगो नावाचा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि बायकांचा साधा लघवीचा संसर्ग, या सात दुखण्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातला फार्मासिस्ट डॉक्टरकडं न पाठवता औषध देतो. तेही मनानं नाही. प्रत्येक दुखण्याला काय विचारायचं, कोणत्या लक्षणाला हात लावायचा नाही, कोणतं औषध किती दिवस, हे सगळं लेखी ठरलेलं. लघवीच्या संसर्गाला १६ ते ६४ वयाच्या बायकाच घ्यायच्या, आणि पाठीत कळ, थंडी-ताप असला तर डॉक्टरकडं. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पैशाची बाजू. योजना सुरू झाली तेव्हा अशा एका तपासणीमागे सरकार दुकानाला १५ पौंड देत होतं. औषध दिलं तरी आणि 'तुला औषधाची गरज नाही' असं सांगून घरी पाठवलं तरी.

आपल्याकडं काय होतं? किंमत-नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन, आणि काही जेनेरिक कंपन्यांच्या मालावर त्याच्या कितीतरी पट. समजावून सांगायला, थांबवायला, परत पाठवायला एक पैसा नाही. विकलं तरच मिळकत. अशा धंद्यात जो विकतो त्याच्याच हातात लिहिण्याचा अधिकार दिला तर चांगल्या माणसाचाही तोल जाईल. मला स्वतःला वाटतं की जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा अशा जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी शिकलेल्या फार्मासिस्टला मोजक्या दुखण्यांपुरता अधिकार द्यायला हवा. मी ते मनापासून मागते. मलप्रभेला पाणी आलं आणि रस्ता बंद झाला की त्या गावांना दुसरं कोण आहे? पण आधी शिक्षण, आधी लेखी नियम, आधी सल्ल्याचा वेगळा मोबदला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम आलेलं आहे, म्हणजे सरकारच्या मनात हा विचारच नाही असं नाही. तो दिवस येईल तेव्हा तुझ्यासारख्या पोरी तयार असाव्यात. आज मात्र तो आलेला नाही.

आता मामंजींच्या तीन गोष्टी, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

पहिली पुडी. कागदाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चार सुट्या गोळ्या: एक पांढरी, एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीक. नाव नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. रोप लावणीच्या दिवसांत कंबर धरलेली बाई संध्याकाळी ती घेते आणि सकाळी पुन्हा चिखलात उभी राहते. म्हणूनच 'हाताला गुण'. गुण बहुधा त्या बारीक गोळीचा असतो, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. स्टिरॉइडनं दुखणं झपाट्यानं बसतं, भूक लागते, अंगात तरतरी येते. महिनोन्‌महिने चाललं की तोंड सुजतं, साखर चढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. सोबतच्या डायक्लोफिनॅकनं मूत्रपिंडावर भार पडतो आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो.

इथं तुला एक गोष्ट फार जपून करायची आहे. पुडी बंद करायचीच. पण जिला रोज स्टिरॉइड जातंय तिचं ते एका दिवसात तोडू नकोस. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. एकदम बंद झालं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब उतरणं, वेळेला जीवावर बेतणं. मामंजींजवळ बस आणि कोण कोण नेमानं पुडी नेतं ती नावं काढ. त्यांना सगळं तोंडपाठ असणार. त्यातल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात डॉक्टरकडं पाठव, आणि सोबत कागदावर लिहून दे की हे औषध, एवढी ताकद, साधारण इतके महिने. डोस उतरवत नेणं हे डॉक्टरचं काम आहे. ही यादी मामंजींनीच करावी असं मला वाटतं. ज्यांना ते ओळखतात त्यांना त्यांचाच शब्द पटेल.

दुसरी नायट्याची ट्यूब. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी कमरेला, जांघेत नायटा होतो, आणि आपल्याकडं त्यावर चालते ती तीन औषधं एकत्र केलेली मलमं, आत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, लोक खूश. आत बुरशी मात्र वाढत असते. महिन्याभरात नायटा पोटभर पसरतो, कडा पुसट होतात आणि पुढं त्वचेच्या डॉक्टरलाही तो चटकन ओळखता येत नाही. त्या जागची कातडी पातळ होते, रेघा उमटतात. बाहेरून लावायचं मलम आहे, त्याला कसली चिठ्ठी, असा आपल्याकडचा समज. पण २०१८ साली सरकारनं अशा बऱ्याच स्टिरॉइड मलमांनाही चिठ्ठी बंधनकारक केली. घरातल्या एकाला नायटा असला की टॉवेल, कपडे वेगळे ठेवायला सांगणं आणि लावलेलं मलम लगेच सोडू नको म्हणणं हे तुझं काम. ट्यूब निवडणं नव्हे.

तिसरं, खोकल्याला अँटिबायोटिक. यात माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो. सेफिक्सिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही सगळी शेड्यूल एच१ मध्ये आहेत. २०१३ साली अधिसूचना निघाली, १ मार्च २०१४ पासून लागू झाली. या औषधांची वेगळी वही लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध, किती दिलं, हे विकतानाच लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. ड्रग इन्स्पेक्टर आला की तीच वही आधी मागतो. क्षयाची औषधंही याच यादीत आहेत. आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार काम करतं. म्हणजे होतं असं की ज्याला क्षय आहे त्याला मेडिकलमधून पाच दिवस ती गोळी मिळते, खोकला जरा कमी होतो, माणूस म्हणतो बरं वाटलं. निदान महिना-दोन महिने लांबतं, आणि तेवढ्यात घरातल्या नातवंडाला लागण होते. वर जंतू त्या औषधाला सरावतात, आणि तेच औषध पुढं बिघडलेल्या क्षयासाठी राखून ठेवायचं असतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बाटली नाही, गोळी नाही. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठव. तपासणी फुकट, औषधं फुकट. क्षयाच्या औषधाची चिठ्ठी दुकानात आली तर तिची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून औषध दुकानदारांवरही बंधनकारक आहे.

लहान लेकरांच्या खोकल्याच्या बाटलीबाबत तर कुणाचीच भीड धरू नकोस. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडं विषारी डायथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा नकोत.

मग परत कसं पाठवू, हा तुझा दुसरा प्रश्न. रिकाम्या हातानं पाठवू नकोस, एवढंच. तू नुसतं 'चिठ्ठी आणा' म्हणालीस तर माणूस उठून पुढच्या गावच्या मेडिकलला जाईल, तिथं त्याला हवं ते मिळेल आणि तू शिष्ट ठरशील. आधी स्टूल दे, विचार. किती दिवस झाले, ताप किती, दम लागतो का, लघवी होते का, आणखी काय गोळ्या चालू आहेत, बाई पोटुशी आहे का. साधा ताप, अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल देता येतं, त्याला चिठ्ठी लागत नाही. ५०० च्या गोळ्या किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती हे सांग, आणि सर्दीच्या तयार गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम घेऊ नका हेही सांग. जुलाबाला ओआरएस, किती पाण्यात घालायचं ते दाखवून. छातीत जळजळतंय तर अँटासिड. पण पन्नाशीच्या माणसाच्या छातीत दुखून घाम फुटला असेल तर अँटासिड नाही, सरळ १०८.

डॉक्टर लांब आहे हे मामंजींचं म्हणणं मात्र खरं आहे, ते उडवून लावू नकोस. तेवढ्यासाठीच ई-संजीवनी शिकून घे. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडून किंवा आपल्या मोबाइलवरून सरकारी डॉक्टरशी फुकट बोलता येतं आणि चिठ्ठी फोनवरच येते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ती चिठ्ठी चालते. शेड्यूल एक्स आणि नशेची औषधं तेवढी अशी लिहिता येत नाहीत. जंगलात रेंज कुठं मिळते ते गावाला पक्कं माहीत असतंच. मामंजींनी आजवर रात्री-अपरात्री शटर वर केलं. आता तोच माणूस लोकांना फोन लावून डॉक्टरशी बोलवून देतोय, असं झालं तर त्यांचा मान कुठं जातो? वाढेलच.

तुमच्याकडं आणखी एक प्रकार नक्की येत असणार, लॅमिनेट केलेली चिठ्ठी. बीपीची, साखरेची, दोन-तीन वर्षांपूर्वीची, मिरजेची नाहीतर गोव्यातल्या बांबोळीची. म्हातारी ती पिशवीतून काढते आणि म्हणते, हेच दे. हिला तोडून टाकणं मला जमणार नाही आणि तुलाही जमू नये, बीपीची गोळी एकदम सुटली तर घात होतो. पण ती चिठ्ठी कायम चालत नाही हेही खरं. तिला उपकेंद्राची वाट दाखव. बीपी-साखर मोजून तिथं नवी चिठ्ठी होते आणि नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात. तुझं एक गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. चिठ्ठी मिरजेची, कोल्हापूरची, गोव्याची असली म्हणून नाकारू नकोस. देशातल्या कुठल्याही राज्यातल्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी कर्नाटकात चालते. फक्त आयुर्वेदाच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीचं औषध लिहिलेलं असेल तर थांब. १९९८ च्या मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ज्या राज्यानं तशी परवानगी दिली असेल तिथंच ते चालतं. सीमेवर या गोष्टीनं गोंधळ होतो, त्यामुळं ड्रग इन्स्पेक्टरला एकदा स्पष्ट विचारून ठेव.

आणि सीमाभागात तुझ्यासारखीचं एक काम असं आहे जे दुसरं कोणी करत नाही. दवाखान्यातले फलक कानडीत, चिठ्ठी इंग्रजीत, आणि औषध घेणारी मावशी फक्त मराठी बोलणारी. स्ट्रिपवर नुसतं १-०-१ लिहून हातात देऊ नकोस. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली चावायची नाही, बरं वाटलं तरी कुठली सोडायची नाही, हे तिच्या बोलीत सांग आणि तिच्याकडून परत म्हणवून घे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी हे आपलं कर्तव्यच ठरवलंय. लिहून देण्याचा अधिकार नाही म्हणून हळहळताना हा अधिकार आपण वापरतच नाही, याचं मला वाईट वाटतं. चिठ्ठीत चूक दिसली, डोस जास्त वाटला, दोन औषधं एकमेकांशी जमत नाहीत असं दिसलं तर डॉक्टरला फोन कर. मोठे डॉक्टर आहेत म्हणून बिचकू नकोस.

मामंजी म्हणतील, किराणा दुकानातही गोळी मिळते, मग आम्हालाच का नियम? त्यालाही उत्तर आहे. शेड्यूल के, म्हणजे सूट दिलेल्या औषधांची यादी, तिच्याप्रमाणे हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, अँटासिड अशा ठरलेल्या घरगुती औषधांना लायसन्स लागत नाही. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड त्यात नाही.

कागदाचं एक राहिलं. तुझी नोंदणी महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडं आहे. कर्नाटकात काम करायचं तर नाव बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत हवं. मुंबईहून ना-हरकत मागव आणि इकडं अर्ज कर. ते झाल्याशिवाय लायसन्सच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस, घरच्यांनी कितीही घाई केली तरी. या कामाला थोडे आठवडे जातीलच. तेवढ्यात पुडीवाल्यांची यादी, एच१ ची वही आणि तू दुकानात नसताना शेड्यूलचं औषध कुलपात राहील ही गोष्ट, तिन्ही मामंजींशी बोलून पक्की कर. बोलताना यजमानांना शेजारी बसव. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असेल तर त्यांनाही सांग की सही तुझी असली तरी घर दोघांचं आहे. आणि मामंजी यातलं काहीच मानायला तयार नसतील, तर बेळगावात किंवा खानापुरात दुसऱ्या मेडिकलमध्ये नाहीतर दवाखान्याच्या फार्मसीत नोकरी बघ. नोंदणी झालेली असली की ती तुला मिळेल.

तुझी,
ताई